चिंचेने उजळलेला डॉलर

मेडशीच्या एका काकांना अमेरिकेहून आलेल्या पुतण्याने चॉकलेटच्या पुड्याबरोबर एक सोनेरी डॉलर दिला. पाठीशी तान्हं बाळ बांधलेली बाई, साल 2000. दुसऱ्या दिवशी फाट्यावर अकोल्याच्या एसटीची वाट पाहणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं, की काकांकडे सोन्याचं नाणं आहे.

सोनं कुठलं! आत तांबं, वर मँगनीज घातलेलं पितळ. बाई म्हणजे साकागविया, लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेसोबत गेलेली शोशोनी जमातीची. फिलाडेल्फिया आणि डेन्व्हरच्या टांकसाळींनी त्या एका वर्षात असे सव्वाशे कोटींहून जास्त डॉलर पाडले. 2001च्या जनगणनेतल्या प्रत्येक भारतीयाला एकेक वाटला असता, तरी पंचवीसेक कोटी उरले असते.

"मंग मोबाइलवर जुनी नाणी मागणारा तो दहा लाख कायचे सांगते?" काकांनी विचारलं.

त्या थापेत एक दाणा खरा आहे. त्याच वर्षी चीरिओज नावाच्या न्याहारीच्या खोक्यांत 5,500 डॉलर टाकले होते. त्यांतल्या काहींच्या मागच्या गरुडाची शेपूट जास्त कोरीव निघाली, आणि ती नाणी आज हजारो डॉलरला जातात. काकांनी घड्याळजीचं भिंग आणून तीन दिवस शेपूट न्याहाळली. गरुड साधाच निघाला.

टांकसाळीची चूकही पैसे देते, पण बेताने झाली तर. 2007च्या काही वॉशिंग्टन डॉलरांच्या कडेवर अक्षरं उमटायची राहिली; पण अशी नाणी इतकी सापडली, की भाव आटोक्यातच राहिला.

काकांची उरलीसुरली आशा होती ती नाण्याच्या कोरेपणावर. हात न लागलेलं, मूळ झळाळीचं नाणं संग्राहकाला हवं असतं. घासलेलं तो लगेच ओळखतो. काका देवघराकडे वळले. डॉलर आरशासारखा चमकत होता.

"अहो, लक्ष्मीपूजनाले काळं नाणं ठेवतात का? चिंचेनं घासलं मी," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात मोबाइलवरच्या त्या 'खरेदीदारा'चा फोन आला: दहा लाख नक्की, आधी जीएसटीचे तीन हजार भरा. जुन्या नाण्यांच्या नावाखाली असे कर आणि कमिशन उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने 2021 सालीच बजावलं होतं. काकांनी फोन काकूंकडे दिला. पुढचं संभाषण छापण्याजोगं नाही.

संध्याकाळी काका फाट्यावर चहा प्यायले आणि दहाचं नाणं पुढे केलं. या नाण्याचे तेव्हाचे चौदाही नमुने चलनी असल्याचं रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये स्पष्ट केलेलं आहे.

"काका, हे नाई चालत," चहावाला म्हणाला. "तो डॉलर हाये का खिशात?"