बिनगव्हर्नरचं चलन

थोरल्यांचं घर पेणला, धाकट्यांचं रोह्याला, आणि मधे नागोठणं. एवढ्याशा अंतरात ज्यांचं मुंजीच्या तारखेवरूनही कधी जमलं नाही, ते हे दोघे भाऊ गेल्या दिवाळीत एका गोष्टीवर एकदम एक झाले. मे महिन्यात सगळ्यांनी युरोपात क्रूझ करायची! बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, रोम, नेपल्स. सात रात्री, आठ माणसं. आजी पंचाहत्तरीच्या, सगळ्यांत धाकटा पहिलीतला. बोटीचे पैसे द्यायचे, विमान मात्र फुकट. थोरल्यांचे चिरंजीव पुण्यात आयटीत असतात, त्यांनी तसा शब्द दिला आहे. तिकिटं माइल्सवर निघणार.

चिरंजीवांनी आल्या आल्या सगळ्यांना क्रेडिट कार्डं काढायला लावली. ज्या घरात किराणा वहीवर आणि दूध महिन्याच्या हिशेबावर चालत होतं, तिथे पोह्याच्या पापडाचं पाकीटही कार्डावर घ्यायचा आग्रह सुरू झाला. पापडवाल्या मावशींकडे मशीन नाही म्हटल्यावर ‘मावशी, तुमच्यापायी आमचं बार्सिलोना राहतंय’ असं त्यांना ऐकवण्यात आलं. मावशींनी पाकीट परत बरणीमागे ठेवलं.

थोरल्यांचा हमरापूरला गणपतीचा कारखाना. गुजरातहून येणारी शाडू, रंग, काथ्या, सगळा माल ते आजवर रोखीने घेत आणि वर घासाघीस करून दोन पैसे कमी करत. आता कार्ड पुढे करतात. दुकानदार म्हणाला, ‘दादा, कार्डाला दोन टक्के वर लागतील.’ दादांनी दिले. लाख रुपयांच्या मालावर दोन हजार जादा गेले आणि खात्यात जे पॉइंट आले ते चिरंजीवांच्याच हिशेबाने सातशे रुपयांचे. या व्यवहाराला घरात ‘कमाई’ म्हणतात.

याच भागातल्या कारखान्यांतले बाप्पा दरवर्षी बोटीने परदेशी जातात. खोक्यात बसून, कंटेनरमधून, गणेशोत्सवाच्या कितीतरी महिने आधी निघतात आणि वेळेवर पोचतात. त्यांचं भाडं कोणीतरी रोख भरलेलं असतं.

आता या माइल्सचं मूळ बघू. नेहमीचं गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणून अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ही शक्कल काढली. जगभरच्या कंपन्यांनी ती उचलली आणि काही वर्षांत त्यांच्या ध्यानात आलं की विमान उडवण्यापेक्षा माइल्स छापणं सोपं. बँका हे माइल्स कंपनीकडून रोख पैसे मोजून घाऊक घेतात आणि कार्डावर आपल्याला किरकोळीने वाटतात. म्हणजे हे चलनच झालं की! फक्त ते छापणारा, त्याचा भाव ठरवणारा आणि त्या भावात द्यायला माल आहे की नाही हे सांगणारा, तिघंही एकच.

रोह्याला चिंतामणराव देशमुखांचा अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ ते १९४९. त्यांच्या सहीची नोट हातात असली की माणूस निर्धास्त असे. माइलवर कोणाची सही आहे? नियम-अटींच्या तळाशी बारीक अक्षरांत एवढंच असतं की कंपनी वाटेल तेव्हा यात बदल करू शकते. देशमुखांनी नोटेवर हे छापलं असतं तर रोह्याच्या बाजारात कोथिंबिरीची जुडीसुद्धा मिळाली नसती.

पेणची तर याहून महागडी शिकवणी लावून झाली आहे. २०१० साली पेण अर्बन बँकेचं प्रकरण बाहेर आलं, बोगस कर्जखाती निघाली आणि ठेवीदार वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले. पासबुकात आकडा आहे म्हणजे पेटीत पैसा आहे असं नसतं, हे या गावाला बाहेरच्या कोणी येऊन सांगायला नको. त्याच गावात आज चांगली जाणती माणसं ॲपमधला आकडा दाखवून एकमेकांना टाळ्या देतात. विमान कंपन्यांचंही तसंच. किंगफिशर २०१२ मध्ये जमिनीवर बसली ती उठली नाही. जेटचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ च्या रात्री सुटलं. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा पॉइंट वाचले खरे, पण दुसऱ्याच्या वहीत गेले. धाकट्यांनी हे सगळं चिरंजीवांपुढे मांडलं. चिरंजीव म्हणाले, ‘काका, ते जुनं झालं.’

खरा सोहळा झाला तो तिकिटं काढायच्या रात्री, रोह्याला. जेवणं लवकर आटोपून टेबलावर लॅपटॉप मांडला. आजींनी देवापाशी निरांजन लावलं. चिरंजीवांनी प्रवासी संख्येत ‘आठ’ भरलं. जागा नाहीत. सात? नाहीत. सहा, पाच, चार, तीन. प्रत्येक आकड्याला घरातल्या एकेका माणसाचा चेहरा उतरत होता. दोनवर हिरवी खूण उमटली. यात कंपनीचा दुष्टपणा नाही, सरळ धंदा आहे. ज्या खुर्च्या पैशाने विकल्या जाणार नाहीत असं वाटतं, त्याच ती माइल्सवर सोडते. मे महिन्यात महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांना सुट्टी असते, तेव्हा न विकल्या जाणाऱ्या खुर्च्या उरणार किती?

मग चिरंजीवांनी तोडगा काढला. आजी आणि थोरले इस्तंबूलमार्गे. दोन्ही वहिनी दोहामार्गे, मधे अकरा तास विमानतळावर. धाकटे आणि मुलं फ्रँकफर्टमार्गे, तीही एक दिवस आधी. आजींनी विचारलं, ‘मग आपण सगळी एकत्र कधी?’ ‘बोटीवर, आजी.’ आजी उठून झोपायला गेल्या.

फुकट तिकिटाच्या शेवटच्या पानावर कर आणि इंधन अधिभार म्हणून रोख रकमेचा आकडा आला. तो बघून धाकट्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. शिवाय कार्डावरचे पॉइंट आधी विमान कंपनीच्या खात्यात वळवावे लागतात. ते वळवले. चार दिवसांनी पोचले. तोवर इस्तंबूलच्या दोन्ही जागा गेल्या होत्या, आणि एकदा वळवलेले पॉइंट कार्डावर परत येत नाहीत. आता त्या खात्यात एवढे माइल्स आहेत की एका माणसाला कुठेतरी जाता येईल आणि बहुधा परत येता येणार नाही.

माझी एक नम्र सूचना आहे. माइल्स अंतरावर न देता सोसण्यावर द्यावेत. मुंबई-गोवा महामार्गाचं पळस्पे ते इंदापूर हे ८४ किलोमीटरचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. त्या रस्त्याने तेव्हापासून जो नियमित ये-जा करतो आहे, त्याला बार्सिलोनाचं पहिल्या वर्गाचं तिकीट केव्हाच लागू झालं आहे, कंबरपट्ट्यासकट.

बोटीचं प्रकरणही ऐकण्यासारखं आहे. आजींना खरं तर व्हेनिस हवं होतं. सिनेमात पाहिलेलं. पण मोठ्या क्रूझबोटींना तिथल्या मुख्य कालव्यात १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे, म्हणून रोम घेतलं. रोमला समुद्र नाही, ही गोष्ट पैसे भरल्यावर कळली. बोट लागते चिव्हितावेक्या नावाच्या बंदराला, तिथून रोम सत्तरेक किलोमीटर. म्हणजे धरमतरच्या जेट्टीवर उतरवून ‘मुंबई आली’ म्हणण्याचाच प्रकार. पुढचा बसचा खर्च वेगळा. टीप वेगळी, ती माणशी रोजची आणि आधीच बिलात धरलेली. इंटरनेट वेगळं. खोलीला खिडकी हवी असेल तर तेही वेगळं. आपल्या घरच्यांनी खिडकीविनाची खोली घेतली आहे. समुद्र बघायला वर जायचं.

व्हिसासाठी माणशी ९० युरो, लहानग्याला निम्मे. वैद्यकीय विमा किमान ३० हजार युरोंचा. अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा, यावर धाकट्यांनी एजंटला विचारलं की बोट रात्रभर चालते, तर त्या रात्री कोणत्या देशाच्या धरायच्या? एजंटने चहा मागवला.

सगळ्यांत खरा धक्का मात्र वहिनींना बसला. युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत, तूप नाही. मासळीला मात्र माणशी वीस किलोपर्यंत मुभा आहे, सुकवलेलीही चालते. रायगडच्या माणसाच्या बाजूने उभा राहिलेला युरोपचा हा बहुधा एकमेव नियम. सोडे आणि सुके बोंबील यांची पाकिटं आता बांधून तयार आहेत. बोटीवर ती भाजायची कुठे, यावर कुटुंबात अजून चर्चा चालू आहे. पापडांनाही अटकाव नसावा असं एजंट म्हणतो, पण मावशींनी अजून पाकीट दिलेलं नाही.

हे लिहीपर्यंतची स्थिती अशी : पाच तिकिटं रोख पैशांनी निघाली आहेत, दोन माइल्सवर, आणि आठव्या तिकिटासाठी चिरंजीव रोज रात्री बारा वाजता ॲप उघडतात. दिवाळीतच रोख भरले असते तर आठही जणं एका विमानात, आजींच्या दोन्ही बाजूंना नातवंडं बसवून गेली असती, आणि स्वस्तातही गेली असती.

तेव्हा वाचकहो, तुमच्याकडे असे पॉइंट पडून असतील तर आज जेवण झाल्यावर मुदत कधी संपते ते बघा आणि एका-दोघांचं कुठलंतरी तिकीट काढून मोकळे व्हा. नागपूर चालेल, गोवा चालेल. सहकुटुंब जायचं असेल तर लवकर ठरवा, रोख भरा. आणि दुकानदाराला कार्डाचे दोन टक्के देऊ नका.