घासाघीस

‘घासाघीस’ हा शब्द ज्याने पहिल्यांदा उच्चारला, त्याने आयुष्यात एकदा तरी माझा धंदा केलेला असणार. दुपारभर घासायचं आणि संध्याकाळी घासाघीस करायची, असा हा शब्द दोन्ही अंगांनी जगणारा माणूस आता दुसरा कोण उरलाय? कल्हईवाले होते, पण ते हल्ली दिसत नाहीत.

मी गाड्या चमकवतो. धंद्यातलं नाव ‘कार डिटेलिंग’. आई नातेवाइकांना ‘तो गाड्यांचं काहीतरी करतो’ असं सांगते आणि घाईघाईने ताईच्या बढतीकडे वळते. त्याआधी अकरा वर्षं मी चाकणच्या एका कारखान्यात, बंपर रंगवतात त्या विभागात तपासनीस होतो. लांबच लांब ट्यूबलाइटखाली बंपर यायचा. कुठे धुळीचा कण बसलाय, कुठे रंग ओघळलाय, कुठे संत्र्याच्या सालीसारखी खरबड आलीय, ते हेरायचं, मार्करने गोल करायचा आणि बंपर पुढे ढकलायचा. अकरा वर्षं हे केलं की नजर कायमची बिघडते. लग्नाच्या मांडवात लोक नवरी बघतात. मी बाहेर उभ्या असलेल्या सजवलेल्या गाडीला लावलेली चिकटपट्टी बघतो आणि ती उद्या कोण कशी ओरबाडून काढणार, या काळजीने माझ्या घशाखाली जिलबी उतरत नाही.

या बिघडलेल्या नजरेतूनच शनिवार-रविवारचा उद्योग सुरू झाला. निगडीतल्या आमच्या सोसायटीत आधी स्वतःची गाडी, मग शेजारची, मग शेजारच्यांच्या मेव्हण्याची. पहिलं वर्षभर दर असा नव्हताच. कुणी ‘किती झाले?’ म्हणून विचारलं की मी जमिनीकडे बघत म्हणायचो, ‘द्या हो, तुम्हाला योग्य वाटेल ते.’ हे वाक्य फार सोज्वळ दिसतं. मला आता ते शुद्ध पळपुटेपणाचं वाटतं. आपला पेपर आपण सोडवायचा नाही आणि समोरच्याला सोडवायला लावायचा, असला तो प्रकार. योग्य वाटण्याच्याही तऱ्हा असतात. कुणाला पाचशे योग्य वाटले, कुणाला तीनशे आणि पाव किलो बाकरवडी. बी विंगमधल्या वहिनींनी एकदा माहेरच्या झाडाचे दोन डझन हापूस दिले. प्रामाणिकपणे सांगायचं तर आजवरची माझी सर्वांत मोठी कमाई तीच.

पुढे दर ठरला : आतून-बाहेरून सगळं मिळून १,२००. हा आकडा कुठून आला, असं कुणी विचारलं तर सांगायला लाज वाटते. हजार म्हणणार होतो, तोंडातून बाराशे गेलं, समोरचा ‘बरं’ म्हणाला. याच्या पलीकडे त्यामागे काही अर्थशास्त्र नव्हतं.

त्याच बाराशेत मी हर्णैहून आलेली ती गाडी केली. मालकांनी घरच्यासाठी सोडे, सुके बोंबील आणि जवळा भरून घेतला होता. ताम्हिणी घाटातल्या एका वळणावर जवळ्याच्या पिशवीने जीव सोडला. ज्यांना जवळा ठाऊक नाही त्यांनी वाळवलेल्या कोळंबीचं नखभर पिल्लू डोळ्यांसमोर आणावं, आणि मग तसली काही हजार पिल्लं. ती सीट सरकवायच्या पट्टीत गेली होती, सीटबेल्टच्या फटीत गेली होती, डिकीत स्टेपनीखाली गेली होती. मी सीटा काढल्या, गालिचा उचलला, व्हॅक्यूमने ओढलं, उरलेली भुवया कोरायच्या चिमट्याने एकेक वेचली. चिमटा बायकोचा होता. त्याबद्दल नंतर वेगळं बोलणं झालं. दोन दिवस गेले. सोसायटीतली सगळी मांजरं माझ्याभोवती भजनाला बसल्यासारखी बसून होती.

तिसऱ्या दिवशी मालक आले. गाडीत डोकं घालून त्यांनी दीर्घ श्वास घेतला आणि त्यांचे डोळे पाणावले. ‘सांगाल ते देतो,’ ते म्हणाले. असं म्हणणारं गिऱ्हाईक मला त्याआधी भेटलं नव्हतं, नंतरही नाही. आणि मी म्हणालो, ‘बाराशे.’ त्यांनी मला नीट न्याहाळलं. या माणसाचं काहीतरी बिनसलंय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी दोन हजार काढून दिले आणि मी त्यातले आठशे परत केले. का केले, ते आजही मला धड सांगता येत नाही. घरी सांगितलं तेव्हा बायको काही बोलली नाही, फक्त चिमटा कचऱ्यात टाकला.

नोकरी सोडायची असं माझ्या मनाने घेतलं तेव्हा तीच वही घेऊन बसली. ती एका पतसंस्थेत वसुली बघते. समोरचा माणूस स्वतःशीच खोटं बोलतोय हे ओळखण्याचा तिला पगार मिळतो. तिने मांडलं ते असं : घरात पगार यायचा तो ४२,०००. कंपनी भरायची तो पीएफचा वाटा, सगळ्यांचा मेडिक्लेम, कॅन्टीनचं जेवण, येण्या-जाण्याची बस, हे धरले ६,०००. शाम्पू, पॅड, कंपाउंड, मायक्रोफायबरची फडकी, पेट्रोल मिळून १२,०००. जुनी ओम्नी घ्यावी लागणार होती, तिचा हप्ता ४,०००. मशिनांचा घसारा २,०००.

‘यात तुमच्या कमरेचा घसारा धरलाय का?’ तिने विचारलं. तो धरला नव्हता. कमरेचा घसारा कुठल्या खात्यात दाखवतात ते मला ठाऊक नाही.

बेरीज झाली ६६,०००. आता महिन्याला गाड्या किती? मी ऐटीत तीस म्हणालो. तिने साप्ताहिक सुट्ट्या काढल्या. मग ‘आज नको, पाहुणे आलेत’वाले दिवस काढले, पावसाचे काढले, मला ताप येईल ते काढले. उरले अठरा. दिवसाला एकच गाडी, कारण नीट करायची तर तिला दिवस जातो. भागाकार करून तिने वही माझ्याकडे सरकवली : ३,६६७.

‘मग आजपर्यंत बाराशेत गाड्या कोण धूत होतं?’

मी म्हणालो, मीच की. पण तिचं तसं म्हणणं नव्हतं, आणि ते माझ्याही हळूहळू ध्यानात आलं. गाड्या कंपनी धूत होती. दर महिन्याला जमा होणारा पगार फडकं घेऊन रविवारी पार्किंगमध्ये उतरत होता आणि प्रत्येक गाडीमागे जवळपास अडीच हजार रुपये गिऱ्हाइकाच्या खिशात घालत होता. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच, फरक इतकाच की आमचं लष्कर इनोव्हातून यायचं.

मी शेवटची आशा म्हणून जीएसटीचा विषय काढला. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नसते, असं वाचलं होतं. ते ओझं आपल्यावर नाही, म्हणालो. तिने ६६,०००ला बाराने गुणलं, उत्तराखाली दोन रेघा मारल्या आणि हसली. लग्नानंतर इतकं मनापासून ती फारशी हसलेली नाही.

आकडा वहीत उतरणं सोपं असतं. तो घशातून वर येणं अवघड. ‘कालपर्यंत तर बाराशे होते ना?’ या प्रश्नाचं खरं उत्तर ‘काल मला पगार होता’ हे आहे, पण ते कुणाला देता येत नाही. गिऱ्हाइकाने का ऐकावं? त्याची गाडी तीच, तुमचे हात तेच, बादली तीच. माझे नेहमीचे चौदा होते, त्यांतले सहा टिकले. आणि गंमत अशी की गेले त्यांत माझ्या कामाची तोंड भरून स्तुती करणारेच जास्त. बाकरवडीवाले टिकले.

मेव्हण्याने सल्ला दिला की पॅकेजं कर, लोकांना निवडायला आवडतं. मी चांदी, सोनं आणि हिरा अशी तीन केली. मधलंच लोक घेतात, असा त्याचा सिद्धांत होता. आमच्याकडचे लोक तिन्ही घेतात. ‘भाव चांदीचा राहू दे, सोन्यातलं ते सीटचं तेवढं करा, आणि हिऱ्यातला वासाचा फवारा जाता जाता मारा.’ त्यानेच ३,९९९ लिहायला लावलं. पहिल्याच गिऱ्हाइकाने चार हजार दिले आणि एक रुपयासाठी हात पुढे करून शांतपणे उभे राहिले. मी ओम्नीच्या डॅशबोर्डपासून पायपुसणीपर्यंत सगळीकडे रुपया शोधला. दुसऱ्या दिवशी दर ३,८०० केला आणि पॅकेजं फाडून टाकली.

चौथ्या मजल्यावरच्या काकांशी माझा वाद मात्र तात्त्विक आहे. त्यांची गाडी पाचशे रुपये महिन्याने रोज सकाळी एक पोरगा पुसतो. ‘तो महिनाभर पुसतो पाचशेत, तू एक दिवस पुसतोस अडतीसशेत,’ काका म्हणतात. मी त्यांना उन्हात नेऊन बॉनेटवरचे बारीक गोल ओरखडे दाखवले. दिवा पडला की कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकतात ते. एकाच बादलीत पंधरा गाड्यांची धूळ, त्यातच बुडवलेलं फडकं, आणि कोरड्या गाडीवर ते दाबून फिरवायचं. दुसरं काय होणार? खरं म्हणजे मी त्या पोराला दिवाळीला मिठाईचा पुडा द्यायला हवा. तो आहे म्हणून पॉलिशची माझी गिऱ्हाइकं आहेत.

मग मी काकांना रंगाचं सांगितलं. गाडीच्या रंगावर सर्वांत वर पारदर्शक थर असतो, तो असतो साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्यावरच्या केसापेक्षाही पातळ. काकांनी नकळत डोक्यावरून हात फिरवला. उदाहरण चुकलंच माझं. ओरखडे जातात म्हणजे ते भरत नाहीत, आजूबाजूचा थर त्यांच्या तळापर्यंत खाली उतरवावा लागतो. दर पॉलिशला तो थोडा संपतो आणि पुन्हा कधी येत नाही. मशीन कुणीही फिरवतं, पण कुठे उचलायचं ते कळायला माझी अकरा वर्षं गेलीत. ‘काका, मी पैसे घासण्याचे घेत नाही,’ मी भारावून म्हणालो, ‘थांबण्याचे घेतो.’

‘मग लवकर थांब आणि कमी घे,’ काका म्हणाले.

सणासुदीला भाव वाढवावा का, याचाही मी विचार करून पाहिला. खंडेनवमीला नि दसऱ्याला सगळ्या गावाला एकाच सकाळी गाडी चकचकीत हवी असते. त्या दिवशी झेंडूवाला दुप्पट भाव सांगतो आणि लोक कुरकुरत का होईना, देतात. पण त्याची छाती वेगळी. संध्याकाळी उरलेले ढीग रस्त्याच्या कडेला टाकून तो निघून जातो, हे आपण बघतो आणि विसरतो. त्या टाकलेल्या फुलांचे पैसे सकाळच्या भावातच असतात. माझंही तसंच आहे खरं तर. मंगळवारी कुणी आलं नाही तर तो मंगळवार मला शनिवारी विकता येत नाही, तोही तिथेच कडेला पडतो. हे सगळं पटतं, पण सणाला जादा पैसे मागायची वेळ आली की मला आई दिसायला लागते. गेल्या दसऱ्याला जुन्याच दरात सहा गाड्या धुतल्या आणि धुतलेल्या सहाच्या सहा गाड्यांच्या बॉनेटवर माझ्या डोळ्यांदेखत ओल्या कुंकवाने स्वस्तिकं काढली गेली. त्यांतली दोन पुढच्या आठवड्यात डाग काढायला आली. देव अगदीच पाठ फिरवत नाही.

घरात यावर एक उपाय निघालाय. पतसंस्थेत थकबाकीदाराला हप्त्याचा आकडा सांगितला की बायको गप्प बसते. पहिला बोलतो तो हरतो, असं तिचं शास्त्र. मी आकडा सांगतो आणि लगेच मीच बोलायला लागतो : ‘म्हणजे तसं काही नाही, बघू आपण, तुम्ही काय परके आहात का.’ समोरच्याने तोंड उघडायच्या आत मी स्वतःच स्वतःशी घासाघीस करून पाचशे कमी केलेले असतात. ‘दहापर्यंत मोजायचं,’ तिने बजावलं. ‘मनात. मोठ्याने नाही.’

परवा चौथ्या मजल्यावरचे काका स्वतःहून खाली आले. मुलगा पुण्याला येतोय, सून आणि नात बरोबर आहेत, गाडी जरा बरी दिसायला हवी. मी गाडीभोवती एक फेरी मारली. मागच्या सीटखाली कधीतरी सांडलेला श्रीखंडाचा डाग होता, काचेवर बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके होते, आरशात कुणीतरी अडकवलेली लिंबू-मिरची वाळून कोळ झाली होती.

‘किती?’ काका म्हणाले.

‘अडतीसशे.’

वर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. काका चष्मा काढून पुसायला लागले. सदऱ्याच्या टोकाने, कोरडाच, गोल गोल. मला तिथेही ओरखडे दिसत होते, पण मी तोंड मिटून मोजत होतो. तीन. चार. लिफ्ट खाली आली, उघडली, कुणीच नव्हतं, बंद झाली. सहा.

‘त्यात टायर काळे करणं येतं का?’

‘येतं.’

‘आणि श्रीखंड?’

‘तेही.’

‘हं,’ म्हणून काका परत गप्प झाले, आणि मी पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.