नेम चुकतो, हात बदनाम

नाशिकला नेमाचीही वाण नाही आणि जायरोस्कोपचीही. देवळालीत लष्कराचं तोफखाना स्कूल आहे. ओझरला १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिलेला, पुढे सुखोई-३० जोडणारा एचएएलचा कारखाना आहे. तरीही याच पंचक्रोशीत, कॉलेज रोडवरच्या सोफ्यावर, कंट्रोलर धरून बसलेल्या गड्याचा क्रॉसहेअर शत्रूच्या कपाळावर ठरत नाही. बोट टचपॅडवर नुसतं टेकवलं तरी तो कापतो, मनगट जरा वळवलं की उडी मारतो. घरचे लगेच निकाल देतात, ‘हात थरथरतो, मोबाइल कमी कर.’ खेळणारा निकाल मान्य करतो आणि गुपचूप सेटिंगमध्ये जाऊन स्मूदिंग वाढवतो. माझ्या मते निकालही चूक आणि शिक्षाही. हात हा या प्रकरणातला शेवटचा संशयित आहे. थरथर झाकण्याआधी ती येते कुठून हे बघावं, आणि ते बघणं भिंतीवरच्या प्लगपासून सुरू करावं.

प्लग म्हटल्यावर हसू येईल, पण टचपॅडचं काम कसं चालतं ते पाहा. बोट जवळ आलं की पॅडखालच्या जाळीतली विद्युत धारकता किंचित बदलते, आणि त्या किंचितपणावरून बोटाची जागा काढली जाते. आता दोन पिनांच्या स्वस्त चार्जरवर लॅपटॉप लावा आणि त्याला केबलने कंट्रोलर जोडा. चार्जरमधून गळणारी विजेची कुरबुर बोटापर्यंत येते आणि पॅडला न हललेलं बोट हललेलं दिसतं. लॅपटॉपच्या धातूच्या कडेवर हात ठेवला की मुंग्या येतात ना, तीच ही कुरबुर. तीन पिनांचा प्लग असला म्हणूनही सुटका नाही. जुन्या नाशकातल्या कित्येक वाड्यांत सॉकेटचं तिसरं भोक केवळ शोभेला असतं. त्यामागे अर्थिंगची वायर पोचलेलीच नसते. परीक्षा सोपी आहे. चार्जर काढा, बॅटरीवर खेळा. थरथर थांबली तर हात निर्दोष सुटला. घामाचं बोट आणि वडापावचं तेल हेही पॅडला चकवतात, पण त्यांना रुमाल पुरतो.

जायरोची गोष्ट वेगळी. कंट्रोलरमधला जायरो म्हणजे फिरणारं चाक नव्हे. सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा सतत कंप पावत असतो आणि वळताना त्या कंपाची दिशा ढळते, ती मोजली जाते. असा तुकडा तापमानाला हळवा असतो. थंडीत निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरतो, वैशाखात नाशिक चाळिशी गाठतं. पहाटेच्या गारठ्यात केलेलं कॅलिब्रेशन दुपारी खोटं ठरलं तर त्यात नवल नाही. म्हणून कंट्रोलर टेबलावर ठेवा, हात काढून घ्या आणि पडद्याकडे बघा. क्रॉसहेअर एका दिशेने सरकत राहिला तर जायरोचं शून्य हललंय. पुन्हा कॅलिब्रेट करा, मात्र ज्या टेबलावर स्पीकर धडधडतोय त्यावर नको. आणि हो, व्हायब्रेशन बंद करा. गोळी झाडली की कंट्रोलर स्वतःच मोटार फिरवून स्वतःला हलवतो, मग तोच जायरो इमानदारीने कळवतो की हात हलला! इतकी निर्लज्ज खोटी साक्ष कोर्टातही क्वचित मिळते.

यावर कुणी म्हणेल, स्मूदिंग कंपनीनेच दिलंय, मग वापरायचं का नाही? वापरा, पण त्याची किंमत मोजून. समजा कंट्रोलर सेकंदाला २५० नोंदी पाठवतो आणि स्मूदिंग शेवटच्या दहांची सरासरी काढतं, तर पडद्यावरचा नेम हाताच्या साधारण १८ मिलिसेकंद मागे राहतो. सरासरीतल्या नोंदी वाढवा, उशीर वाढतो. नेम शांत दिसतो, कारण तो मागच्या क्षणाचा असतो. डेडझोन मोठा केला तर बारीक हालचालच मरते, आणि नेमाला नेमकी तीच हवी असते. दुसरं एक दुखणं सॉफ्टवेअरचं. टचपॅड माऊस म्हणून आणि डावी काडी, म्हणजे स्टिक, गेमपॅड म्हणून जोडली की काही खेळ गोंधळतात. क्षणाक्षणाला मालक बदलतात, पडद्यावरची बटणांची चित्रंही लुकलुकतात. ती लुकलुक दिसली की सेन्सरला शिव्या देणं थांबवा. सगळं माऊस-कीबोर्डवर आणा, निदान जायरोला काडीचा वेश देऊ नका.

माऊसवाल्यांचा आक्षेप वजनदार आहे. ते म्हणतात, माऊस घ्या, कटकट संपली. खरंच संपते, पण त्याचं श्रेय टेबलाला. निरोगी माणसाचा हातही सेकंदाला ८ ते १२ वेळा सूक्ष्म कापतो. माऊस टेबलावर विसावतो म्हणून ते दिसत नाही. कंट्रोलर अधांतरी असतो. कोपरं मांडीवर टेकवा, सेन्सिटिव्हिटी उतरवा, मोठं वळण अंगठ्याने आणि बारीक दुरुस्ती मनगटाने घ्या, अंगठा पॅडवर असतानाच जायरो चालू राहील असं लावा. २०१५ च्या स्टीम कंट्रोलरने पॅड आणि जायरोची ही जोडी आणली. तो २०१९ मध्ये बंद झाला, पण जोडी २०२२ च्या स्टीम डेकवर परत आली. निरुपयोगी असती तर आली नसती.

उरला वडीलधाऱ्यांचा आक्षेप, की खेळासाठी एवढा खटाटोप कशाला. देवळालीचा तोफची गोळा सोडण्याआधी वारा आणि दारूचं तापमानसुद्धा हिशोबात धरतो. गोळा चुकला म्हणून तो आधी स्वतःच्या हाताला दोष देत नाही. खेळणाऱ्यालाही तेवढी मुभा द्या. आणि तीन पिनांचा चार्जर काढल्यावर थरथर थांबली असेल, तर उद्याच वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. गिझरही त्याच वायरिंगवर चालतो.