सिव्हिल लाइन्सला झेपेल असं क्लॅरिनेट

निवृत्तीनंतर माणसाला एखादा छंद हवा, असं सगळेच सांगतात. त्या छंदाचा आवाज किती असावा, हे मात्र कोणी सांगत नाही. माझा छंद क्लॅरिनेटचा. जबलपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये इंग्रजांनी बंगले एकमेकांपासून इतके लांब बांधले, ते बहुधा अशाच छंदांची धास्ती घेऊन. आता त्या आवारांत फ्लॅट उभे राहिलेत आणि माझ्या भिंतीपलीकडे हायकोर्टात वकिली करणारे एक गृहस्थ राहतात. फार सभ्य माणूस. "बजाइए, बजाइए," म्हणतात आणि खिडकी लावून घेतात.

गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमात भावगीतांच्या मागे चार जागा भरायच्या, एवढीच माझी कारकीर्द. त्यासाठी हाताशी असलेलं जुनं, दोऱ्यांनी आवळलेलं वाद्य पुरत होतं. पण न्यू जर्सीतला भाचा फोनवर म्हणाला, "मामा, आता एक प्रोफेशनल क्लॅरिनेट घेच. येताना मी घेऊन येतो. तुझं आवडतं कुठलं, तेवढं सांग." आवडतं सांगायला आधी पाच-दहा वाजवून बघायला हवीत. जबलपुरात चांगली पाच-दहा क्लॅरिनेटं एका जागी असतील तर ती ग्रेनेडियर्स नाहीतर जम्मू-काश्मीर रायफल्सच्या बँडकडे, आणि तिथे फाटकावरचा जवान माझ्याकडे कौतुकाने बघत नाही. तेव्हा न बघता, नुसतं चार जणांना विचारून पसंत करायचं ठरवलं. आमच्या पिढीची लग्नंही तशीच झाली.

पहिलं स्थळ अर्थातच पॅरिसचं. बुफे क्रॅम्पाँ, घराणं 1825 सालचं. त्यांचं आर-13 हे मॉडेल 1955 च्या सुमारास आलं आणि अमेरिकेतल्या निम्म्याअधिक वाद्यवृंदांत जाऊन बसलं. किंमत काही लाख. लाकूड टांझानियाकडचं, आफ्रिकन ब्लॅकवुड. हे आपल्या शिसवाच्याच कुळातलं झाड, हे कळल्यावर मला जरा धीर आला. आमच्या घरातलं शिसवी कपाट वडिलांच्या वेळेपासून इथले उन्हाळे सोसत उभं आहे. पण कपाटात कोणी तोंडाने फुंकत नाही! क्लॅरिनेटच्या आत श्वासाची ऊब आणि ओल, बाहेर जबलपूरचा मे महिना, पारा बेचाळीसच्या वर आणि हवा भाजक्या पापडासारखी. आतून लाकूड फुगतं, बाहेरून आक्रसतं, आणि एके दिवशी वरच्या तुकड्याला उभी चीर जाते. काही लाखांना.

म्हणून नव्या लाकडी क्लॅरिनेटला सवय लावावी लागते. पहिले काही आठवडे दिवसाकाठी पंधरा-वीस मिनिटंच वाजवायचं, मग पुसून पेटीत. हा नियम ऐकून बायको म्हणाली, "अहो, मग हेच घ्या." पेटीत ओलावा राहावा म्हणून त्यात संत्र्याची साल ठेवतात, हेही वादकांमधलं जुनं शहाणपण. बायकोचं माहेर नागपूर, त्यामुळे सालींचा पुरवठा घरचाच. मात्र नागपुरी संत्री थंडीत येतात, मृग बहाराची फार तर मार्चपर्यंत पुरतात, आणि लाकडाला खरी गरज पडते ती मेमध्ये. तेव्हा माहेरून येतो तो फक्त फोन.

भाच्याने तोड काढली. याच कंपनीचं ग्रीनलाइन. यात ब्लॅकवुडची भुकटी पंचाण्णव टक्के आणि बाकी कार्बनचे तंतू, सगळं चिकटवून दाबलेलं. तडकत नाही. "म्हणजे भुसा," मी म्हणालो. "मामा, फार भारी भुसा आहे." भाव अखंड लाकडाच्याच आसपास. सासरी भुशालाही मान असावा तो असा.

शेवटी मी हवालदारसाहेबांकडे गेलो. पचमढीच्या लष्करी संगीत शाळेत शिकलेले, फौजी बँडमधून निवृत्त झालेले हे गृहस्थ सदरच्या बाजूला राहतात. क्लॅरिनेट कसं पारखावं हे त्यांच्याकडे बघावं. वाजवायचं नाव नाही. आधी तुकडे सुटे करायचे. एका तुकड्याचं खालचं तोंड तळव्याने बंद, सगळी भोकं बोटांनी बंद, आणि वरून हवा ओढून घ्यायची. ओठ सोडल्यावर 'टक्' असा आवाज आला तर पॅड घट्ट. नाही आला तर सिगारेटच्या कागदाची पट्टी एकेका पॅडखाली सरकवून कुठला पॅड ढिला आहे ते शोधायचं. बिडीच्या या गावात तो कागद मिळवायला मला दोन पानठेले पालथे घालावे लागले. माझ्या वाद्यातून 'टक्' आला नाही, 'फुस्स' आला. "साब, ये बाजा नहीं, चलनी है," हवालदारसाहेब म्हणाले.

मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. बासरीवर जोराने फुंकलं की वरच्या सप्तकातला तोच स्वर येतो. क्लॅरिनेट ही वेगळी जात. खाली ज्या बोटांनी सा वाजतो, त्याच बोटांनी अंगठ्याची चावी दाबली की थेट वरच्या सप्तकातला पंचम. म्हणजे बोटांना दोन्ही मजल्यांची वेगवेगळी शिकवणी. ही अडचण कमी व्हावी म्हणून पॅरिसमध्ये क्लोझे नावाच्या वादकाने आणि बुफे घराण्यातल्या कारागिराने 1839 मध्ये सतरा चाव्यांची रचना मांडली. तिला नाव मिळालं बासरी घडवणाऱ्या बोमचं, कारण भोकांभोवतीच्या कड्यांची कल्पना त्याच्या बासरीवरून घेतलेली. आर-13 वगैरे सगळी याच रचनेची. झरझर सुरावट वाजवायला उत्तम. पण आपल्याला हवी मींड, सुरावरून सुरावर घसरत जाणारी, आणि त्यासाठी बोट भोकावरून हळूहळू उचलावं लागतं. जुन्या तेरा चाव्यांच्या 'सिंपल सिस्टीम'मध्ये बोट आणि भोक यांच्या मध्ये धातू कमी, म्हणून आपल्याकडच्या बँडवाल्यांनी ती आवडीने जपली. इथून तीन-एक तासांवरच्या मैहरला बाबा अलाउद्दीन खाँनी बंदुकीच्या नळ्या कापून नलतरंग बनवलं. तरुणपणी कलकत्त्यात ते क्लॅरिनेटही शिकले होते. वाद्य आपल्या संगीतापुढे वाकवायचं, संगीत वाद्यापुढे नाही, हे त्यांच्याकडून घ्यावं. तोफांच्या गाड्यांचा कारखाना 1904 पासून गावात असूनही आम्हाला जबलपूरकरांना ते सुचलं नाही, हा भाग वेगळा.

माझं मन ठरलं: सिंपल सिस्टीम, आणि अंग एबोनाइटचं. एबोनाइट उन्हात ठेवलं तर हिरवट पडतं, पण तडकत नाही, आणि त्याला संत्री लागत नाहीत.

असं एक क्लॅरिनेट गावातल्या एका भंगारवाल्याकडे निघालंही. इंग्रजी अमदानीतलं, चाव्यांचा मुलामा शाबूत. 'टक्' आवाज खणखणीत. अंगावर ठसा होता 'एच. पी.' "हिंदुस्तान पेट्रोलियम का है, बड्डे, सरकारी माल," भंगारवाला म्हणाला. हवालदारसाहेबांनी ठसा पाहिला आणि वाद्य हळूच खाली ठेवलं. एच. पी. म्हणजे हाय पिच. ब्रिटिश फौजी बँड जवळजवळ 1930 पर्यंत चढ्या सुरात वाजत. आजचा 440 हर्ट्झचा सूर त्यांच्याकडे 452 च्या आसपास. मला पटेना, म्हणून हार्मोनियम काढली. काळी पाच दाबली तर क्लॅरिनेट वर, पांढरी सात दाबली तर खाली. दोन पट्ट्यांच्या बरोब्बर मधोमध! पट्टी बदलूनही सुटका नाही. जोड ओढून लांबी वाढवली तर काही स्वर जास्त उतरतात, काही कमी, आणि भावगीत भलत्याच भावात जातं. पलीकडे वकीलसाहेबांनी पहिल्यांदाच खिडकी उघडून "सब ठीक है न?" असं विचारलं.

भाच्याला मी कळवलं: आर-13 नको. एक उत्तम माउथपीस आण आणि रीडचा डबा. ऐकणाऱ्याच्या कानावर जो सूर पडतो त्यातला मोठा वाटा त्या दोघांचाच असतो, लाकडाचा नंतर. यावर "मामा, तू लाखो रुपये वाचवलेस," असं तो म्हणाला. हे वाक्य मी बायकोला दोनदा ऐकवलं.

अंग मात्र अजून मिळायचंय. तेव्हा वाचकहो, तुमच्या माळ्यावर आजोबांची अशी एखादी काळी लांबट पेटी असेल, तर रद्दीत घालण्याआधी उघडून ठसा बघा. 'एल. पी.' असेल आणि चाव्या तेरा असतील, तर सिव्हिल लाइन्समध्ये गिऱ्हाईक तयार आहे. 'एच. पी.' असेल तर खुशाल दिव्याचा स्टँड करा.