पांढऱ्याच्या जरा अलीकडे

रसिक म्हणून ओळखलं जायचं तर शास्त्रीय संगीताला फार वर्षं द्यावी लागतात आणि चित्रं विकत घेणं परवडत नाही. त्यामानानं हॉलला ऑफव्हाइट लावणं स्वस्त. पांढरा काय, सरकारी दवाखानाही लावतो. पिवळा लावला की घराचं मंगल कार्यालय होतं. या दोहोंच्या मधल्या गल्लीत उच्च अभिरुची राहते, असं मासिकांतल्या घरांचे फोटो पाहून माझ्या मनानं घेतलं होतं.

भिवंडीतल्या धामणकर नाक्याजवळच्या दुकानदारानं शेडकार्ड पुढ्यात टाकलं. आयव्हरी, क्रीम, मोती, बदाम, सगळे पांढरे. मी मान तिरकी केली, डोळे बारीक केले आणि म्हणालो, "यात किंचित गुलाबी झाक आहे."

"ती तुमच्या शर्टाची आहे," बायको म्हणाली.

"मला वॉर्म हवाय," मी तिच्याकडे दुर्लक्ष करून म्हणालो. त्यावर सोबत आलेला पेंटर कळवळून म्हणाला, "साब, भिवंडी में गरमी की कमी है क्या?"

असा रंग तयार होतो तो मात्र बघण्यासारखा. पांढऱ्या बेसमध्ये मशीन थोडा पिवळा सोडतं आणि अगदी कणभर काळा. पांढऱ्याला शालीन करायला काळा लागतो, हे कळल्यावर मला माणसांबद्दलही बरंच कळल्यासारखं वाटलं. आमच्या आजीचा कारभार उलटा होता. दिवाळीआधी चुना भिजवायचा, त्यात सरस घालायचा आणि वर नीळ; भिंत पिवळट दिसली तर लोक नावं ठेवतील म्हणून. तिनं जन्मभर निळीनं जो पिवळटपणा मारला, तो मी लिटरच्या भावानं विकत आणत होतो. १९५४ साली व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मणांनी रंगाच्या जाहिरातीसाठी गट्टू नावाचा खट्याळ पोरगा काढला. रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन तो वर्षानुवर्षं हसत राहिला. वॉर्म की कूल, असं त्याला कुणी विचारलं नसावं.

पेंटरनं भिंतीवर नमुन्याचे पाच चौकोन रंगवले. सकाळी ते साजूक दिसत. संध्याकाळी ६५०० केल्विनची पांढरीफेक ट्यूब लागली की त्यांना कावीळ व्हायची. पिवळसर, २७०० केल्विनचा दिवा लावला तर पाचही चौकोन एकसारखे. दुपारी सगळे निळे, कारण समोरच्या कारखान्याच्या पत्र्यावर पावसाळ्यासाठी निळी ताडपत्री ताणलेली आणि तिच्यावरचा उजेड थेट आमच्या हॉलमध्ये. "सफेद ही तो है, साब," पेंटर दर वेळी म्हणायचा. हा माणूस आपल्या पातळीवर येणार नाही, अशी मी मनाची समजूत घातली.

आता कारखान्याचं नाव निघालंच आहे, तर थोडं विषयांतर. थोडं म्हणजे पुष्कळ. मी ज्या रंगासाठी जिवाचं रान करत होतो, तो या गावात रात्रंदिवस मागावर विणला जातो. मागावरून उतरलेल्या कोऱ्या सुती कापडाला बाजारात ग्रे म्हणतात. दिसतं ते सायीसारखं. कापसाच्या अंगचं मेण आणि त्याचा मूळ रंग, एवढ्यावर ते ऊबदार दिसतं. पुढे प्रोसेस हाऊसमध्ये त्याला उकळतात, हायड्रोजन पेरॉक्साइडनं त्याची ऊब काढतात, मग हवा तो रंग चढवतात. म्हणजे भिवंडीतून निघताना ते ऑफव्हाइट असतं. शुभ्र आणि रंगीत व्हायला ते बहुतेक बाहेर जातं.

माझे वडील हेच कापड तपासायचे. तागा उतरत्या टेबलावर उलगडत जायचा आणि त्यांचा हात त्यावरून फिरत राहायचा. तुटलेला ताणा, चुकलेला बाणा, तेलाचा डाग. पण खरी गंमत रंगाची. बाण्याच्या कांड्यांमध्ये दुसऱ्या लॉटचं सूत मिसळलं, की कापडावर आडवा पट्टा उमटतो, ऑफव्हाइटवर ऑफव्हाइट. मला तो कधी दिसला नाही. वडील तागा उचलून दारात न्यायचे, दिवसाच्या उजेडात धरायचे आणि "हा बघ" म्हणायचे. मी "हो हो" म्हणायचो. पावसात भिजलेल्या कापसाचा पिवळेपणा वेगळा आणि जात्याच पिवळसर कापसाचा वेगळा, हेही त्यांना कळे. त्यांच्या या नजरेला कुणी अभिरुची म्हटलं नाही. पगार महिन्याला मिळायचा आणि ज्या खोलीत आम्ही राहायचो, तिचा रंग मालक ठरवायचा.

आणि त्यांचा मुलगा, कुठे राहता असं कुणी विचारलं की, "ठाण्याच्या जरा पुढे" म्हणतो. कामतघर म्हणत नाही, भिवंडी तर नाहीच. लाखांवारी मागांचं गाव. देशभरच्या अस्तराला, परकराला, उशीच्या अभ्र्याला इथलं कापड लागतं, आणि आम्ही पत्ता सांगताना त्यालाही पांढऱ्याचा पातळ हात मारतो. याचा मला मनापासून राग येतो. सवय मात्र सुटत नाही.

रंग शेवटी बायकोनं निवडला. कसा, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. लागला मात्र देखणा. पहिल्या रविवारी ठाण्याहून पाहुणे आले, भिंतींकडे बघत सोफ्यावर टेकले आणि म्हणाले, "वा! भिवंडीत बसलोय असं वाटतच नाही."

याच वाक्यासाठी मी सगळा खटाटोप केला होता. ते ऐकलं आणि कानशिलं तापली.

"वाटेल की," बायको चहा ठेवत म्हणाली. "समोरच्या कारखान्यातली लाइट येऊ द्या."

लाइट आली. माग सुरू झाले, कपबशा बारीक किणकिणायला लागल्या. मीही सरसावून बसलो. ग्रे कापड, पेरॉक्साइड, आडवा पट्टा, सगळं व्याख्यान ओठांवर होतं. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं आणि अर्धा कप चहा तसाच ठेवून ते उठले. अंजूरफाट्याला ट्रॅफिक लागायच्या आत त्यांना निघायचं होतं. भिवंडीत आल्याचं त्यांना एकदाचं वाटलं.