हजार मैलांची अमावास्या

सुप्यात एमआयडीसी आली, जपानी कारखान्यांसाठी वेगळी जागा राखली गेली, डोंगरावर पवनचक्क्या फिरू लागल्या. अण्णांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र विलीज जीपच उभी आहे. असा एक अण्णा गावोगावी असतो. कुठे त्याच्याकडे फियाट, कुठे ॲम्बेसिडर. गाडी बदलते, अण्णा तोच. जीप कशी चालते, असं त्याला विचारू नये. ‘ग्रीसिंग झालं का?’ असं विचारावं, चहा मिळतो.

विलीजच्या पुस्तकात दर १००० मैलांनी ग्रीसिंग सांगितलंय. अण्णांच्या जीपचा मीटर कधीचा बंद आहे, त्यामुळे १००० मैल कधी झाले हे अण्णाच ठरवतात. ते दर अमावास्येला होतात. त्या दिवशी हायवेवरचे ड्रायव्हर गाडीला लिंबू-मिरची बांधतात. अण्णा ग्रीस गन घेऊन जीपखाली शिरतात.

मग बाहेर फक्त दोन टाचा दिसतात आणि आतून कीर्तन ऐकू येतं. “आधी निपल पुसायचा! पारनेर तालुक्याची धूळ आहे ही. न पुसता गन लावली की ग्रीसबरोबर मातीही आत. शॅकलला ग्रीस घेत नसेल तर चासी जॅकवर उचल, पाट्यांवरचं वजन जाऊ दे. काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत पंप मार. आणि क्रॉसला जपून, नाहीतर सील फाटतं.” निपल तुंबला तर तो काढून केरोसिनमध्ये बुडवतात. आतली एवढीशी गोळी सुईनं दाबून स्प्रिंग मोकळी झाली, की नातवंडानं पहिलं पाऊल टाकावं तसे हरखतात.

या निपलचं पेटंट १९२९ साली ऑस्कर झर्क नावाच्या व्हिएन्नाच्या माणसाला मिळालं. अण्णा त्याला ‘झर्कसाहेब’ म्हणतात. इतका मान त्यांनी जावयालाही दिलेला नाही.

एकदा पुण्याचा पुतण्या नवी गाडी घेऊन आला. अण्णा सवयीनं खाली वाकले.

“काका, हिला निपलच नाहीत. सगळे जॉइंट सीलबंद.”

“म्हणजे काय दुखतंय ते मेल्यावरच कळायचं!” असं म्हणून अण्णांनी गाडीचं सांत्वन केल्यासारखं बॉनेट थोपटलं.

पलीकडच्या वस्तीवर धाकटा भाऊ राहतो. बांधावरून नऊ वर्षं बोलणं बंद. पण त्याची ट्रॉली रोज करकरत अण्णांच्या दारावरून जाते. भावाचा अबोला अण्णांनी सोसला, ट्रॉलीची करकर सोसवेना. शेवटी त्यांनी पोराच्या हाती गन धाडली. “म्हणावं, आधी निपल पूस. आणि गन परत पाहिजे.”

पोरगं निरोप घेऊन आलं, “ते म्हणतात, गन रिकामीय.”

अण्णा ग्रीसचा डबा घेऊन स्वतः गेले. तासभर ट्रॉलीखालून चार टाचा दिसत होत्या. “अजून दोन मार.” “बास का?” “पुसलास का?” एवढंच काय ते बोलणं.

आता दर अमावास्येला जीपनंतर ट्रॉलीचा नंबर लागतो. बांधाचा विषय मात्र अजून कुणी काढलेला नाही. अण्णांच्या मते, अजून काळंच येतंय.