कोयनेला बघण्यासारखं काय आहे?

कोयनानगरला पोचलो तेव्हा आमच्या मेहुण्यांच्या हातात सेल्फी स्टिक होती आणि धरणाच्या फाटकावरच्या पोलिसाच्या हातात काठी. काठी जिंकली. शेवटी १०३ मीटर उंचीची ती भिंत आम्ही नेहरू उद्यानातून, मागच्या पंगतीतून नवरदेव बघावा तशी बघून घेतली.

"बरं, वीज कुठं तयार होते? तिथं फोटो काढू."

"पोफळीला. पण डोंगराच्या पोटात."

मेहुण्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू पॉवर हाऊस मीच लपवलं होतं.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. महाबळेश्वरला उगम पावलेली कोयना नदी दक्षिणेला येते, हेळवाकला वळते आणि सरळमार्गी सुनेसारखी कराडला कृष्णेत मिसळते. तिचं पाणी अडवून बोगद्यातून सह्याद्रीपलीकडे नेलं. ते कोकणात कोसळतं, टर्बाइन फिरवतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. आपल्याला तिकडे जायला कुंभार्ली घाट. पाण्याला गाडी लागत नाही, मेहुण्यांना लागते. वीज प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याला तर १९९९ साली भरल्या जलाशयाच्या तळाशी सुरुंग उडवून बोगदा खुला केला. एवढं अचाट काम, तेही पाण्याखाली!

दिसतो तो शिवसागर जलाशय, थेट तापोळ्यापर्यंत. त्याच्याही पोटात गावं आहेत, आणि तिथून उठवलेल्यांतले कित्येकजण अजून हक्काच्या जमिनीसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवताहेत. (इथे हसू नये.)

मग चहा. मी बशीत ओतला आणि बाकडं हललं. मेहुणे टुणकन रस्त्यावर. टपरीवाल्या मामांनी किटली खाली न ठेवता फळीकडे नजर टाकली.

"तीनचा असंल. साडेतीनला बिस्किटाची बरणी वाजती."

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे रिश्टर मापनावर सहाच्या वरचा भूकंपाचा धक्का बसला, कोयनानगर कोसळलं, धरणाला तडे गेले, तरी भिंत उभी राहिली. तिथल्या माणसाला तीनचं काय कौतुक!

मेहुण्यांना मात्र शूटिंग हुकल्याचीच हळहळ. अख्ख्या कोयनेत एकच गोष्ट समोर घडली, तीही फोन खिशात असताना. मग ते बरणीवर कॅमेरा रोखून बसले. चहावर चहा झाला, भजी झाली. बरणी ढिम्म.

"बसा की पावणं," मामा म्हणाले. "आज न्हाई झाला तर उद्या हुईल. खोली हाय आपल्याकडं भाड्यानं."